पिसं की केरसुणी

आई, काल स्नो पडला. या हिवाळ्यातला पहिला म्हणण्यासारखा. आधी दोनदा हूल देऊन गेला होता, नुसता रस्ता ओला करून. काल सकाळी पडदा सरकवला तर समोरच्या गाड्या ओळखू येत नव्हत्या, आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आई, उठा, बघा काय पडलंय ते." पलीकडच्या खोलीतून सईने विचारलं, "मॉम, हू आर यू टॉकिंग टू?" मी म्हटलं, कुणाशी नाही, तुझी शाळा बंद आहे, झोप.

अजून तुमचा दहावासुद्धा झालेला नाही. मंदार नाशिकला आहे आणि मी इथे पिस्कॅटवेत. का, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या व्हिसाच्या शिक्क्यांवरून तुम्ही कितीदा कपाळाला हात लावला असेल. माझा शिक्का संपलाय. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना नवा लागतो, त्याच्या अपॉइंटमेंटचा पत्ता नाही, आणि तिकडे अडकून पडले तर नोकरीवर पाणी सोडायचं. मंदारचा शिक्का चालू होता म्हणून तो गेला. मी त्याची बॅग भरली, तीत टॉवेल घालायला विसरले, आणि त्याला एअरपोर्टवर सोडून परत आले. सून म्हणून माझ्या हातून एवढंच झालं.

या फेब्रुवारीचं तुमचं तिकीट काढून ठेवलेलं होतं. तुम्ही आलात की तुम्हाला एक गोष्ट सांगायची, असं मी मनाशी धरलं होतं. फोनवर सांगता आली असती, पण फोनवर आपण दोघी भाजी काय केली, सईचा खोकला गेला का, आणि आपलं ते नेहमीचं भांडण, यापुढे कधी सरकलोच नाही. मला म्हणायचं होतं की दर हिवाळ्याला इकडेच या. मंदार एकुलता एक आहे म्हणून नव्हे, सईला आजी हवी म्हणूनही नव्हे. मला तुमच्याशिवाय हिवाळ्यात करमत नाही म्हणून. सासूला असं काही तोंडावर सांगायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि तुम्हाला ऐकायचीही सवय नव्हती. तुम्ही लगेच "बरं बरं, कुकर लाव" म्हणाला असतात. तरी मी म्हणणार होते. चहा घेताना, समोरासमोर. वरच्या खोलीतलं माझं ऑफिसचं टेबलसुद्धा मी खाली नेऊन ठेवलं होतं, म्हणजे त्याच्या शेजारी खिडकीपाशी तुमची खुर्ची नीट बसेल.

आता खुर्ची तिथे आहे, सांगायचं राहिलंय, आणि ते भांडणही अर्धवटच आहे. पिसं की केरसुणी. मंदारला मी काल फोनवर म्हटलं की आईंना उत्तर द्यायचं राहिलं, तर तो म्हणाला, "तुमचं ते अजून चालूच होतं?" त्याला वाटत होतं ती चेष्टा होती.

मुळात केरसुणीवरून आपलं जे सुरू झालं ते विमानतळावर. त्या वर्षी तुम्ही दिवाळीच्या तोंडावर आलात ते बॅगेत शिंदीची नवी केरसुणी घेऊन. जुन्या साडीत गुंडाळलेली, लक्ष्मीपूजनाला हवी म्हणून. झाडपाल्याचं काही आणू देत नाहीत, हे आम्ही फोनवर सांगून थकलो होतो. "झाडपाला कुठे आहे, केरसुणी आहे ती," हे तुमचं उत्तर. तपासणीवाल्याने ती काढून घेतली. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा बघून मंदारला वाटलं, दोन्ही बॅगा हरवल्या. गाडीत घर येईपर्यंत तुम्ही एकच वाक्य बोललात, की लक्ष्मी त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात गेली. मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मंदारने टवाळपणा करून व्हॅक्यूम क्लीनर आणून पाटाशेजारी उभा केला. मी म्हटलं, आता महाभारत होणार. तुम्ही पदर सारखा केलात आणि त्या यंत्राला हळदकुंकू वाहिलंत. "केर काढतो ना? मग झालं तर." ते कुंकू अजून त्याच्या हँडलखाली आहे. मी तेवढी जागा सोडून पुसते.

आणि मग त्या व्हॅक्यूमवरूनच आपलं वाजलं. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, असं तुम्ही म्हणालात. मी दिवसभर स्क्रीनसमोर बसून वैतागलेली, मी म्हटलं, आई, इथे डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, मी त्यानंतर कधीतरी लॉगआउट करते, मग केर काढू कधी, जूनमध्ये? दुसऱ्या दिवशी मी क्लायंटच्या कॉलवर असताना खालून घरघर सुरू झाली. तुम्ही उजेड आहे तोवर सगळं घर व्हॅक्यूम करून, वायर गुंडाळून, देवापाशी दिवा लावून मोकळ्या झाला होतात. तेव्हापासून ते तुमचंच काम झालं, रोजचं. भांडणात कोण जिंकलं ते आपण दोघींनीही काढलं नाही.

ल्यू आजी तुम्हाला पहिल्यांदा दिसल्या त्याही झाडतानाच. आपल्या आणि त्यांच्या दारापुढच्या पायऱ्यांमध्ये एक कठडा, एवढंच अंतर, पण आम्ही इतकी वर्षं हाय-हॅलोच्या पलीकडे गेलो नव्हतो. मुलाकडे राहतात, चीनमधल्या कुठल्याशा गावात शाळेतल्या मुलांना अक्षरं गिरवायला शिकवून रिटायर झाल्या, एवढं मला माहीत होतं. पहिला स्नो पडला तेव्हा सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर आली, आणि या एकट्या ज्वारीच्या कणसांच्या काड्यांचा लांब झाडू घेऊन. स्नो कोरडा, भुरभुरीत होता. त्या वरच्या पायरीपासून खाली झाडत आल्या. तुम्ही खिडकीतून मला हाक मारलीत. "ती बघ शहाणी बाई. तुम्ही सगळे खणताय, ती झाडतेय." त्यानंतर सकाळी उठून त्यांचं झाडणं बघायचं हा तुमचा कार्यक्रमच झाला.

त्याच हिवाळ्यात माझ्या ऑफिसात माणसं कमी करत होते. रोज सकाळी कुणाचं तरी नाव दिसेनासं व्हायचं, आणि आमच्यासारख्यांची नोकरी गेली की गाशा गुंडाळायची वेळ. मी कुणाला काही बोलले नव्हते. तुम्हाला कसं कळलं माहीत नाही. एक दिवस तुम्ही तुमची खुर्ची माझ्या कामाच्या खोलीत आणलीत, खिडकीला लावलीत आणि म्हणालात, इथून स्नो चांगला दिसतो. त्या दिवशी स्नो नव्हता. तुम्ही माझ्याकडे पाठ करून मटार सोलत बसलात, दुसऱ्या दिवशी लसूण, मग सईच्या युनिफॉर्मची बटणं, आणि मी कॉलवर काय बोलतेय यातलं एक अक्षर तुम्हाला कळत नव्हतं. तरी तुम्ही खोलीत आहात म्हणून माझा आवाज नीट निघायचा. नोकरी टिकली. तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी कधी बोलले नाही, पण तो हिवाळा मी त्या मटारांवर काढला.

मग आला तो पायऱ्यांचा दिवस. रात्रभर पडून सकाळी उघडलं होतं, आणि ल्यू आजींच्या पायऱ्या तशाच होत्या. आठ वाजले, नऊ वाजले. "ती बाई आजारी आहे," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, असेल काही काम, मला मीटिंग आहे. मीटिंग चालू असताना खिडकीतून बघते तर तुम्ही मंदारचं जॅकेट साडीवर चढवून, कानटोपी घालून, गराजमधला झाडू घेऊन त्यांच्या पायऱ्या लख्ख करत होतात. शेवटच्या पायरीवर होतात तेवढ्यात दार उघडलं आणि लाल स्वेटर घातलेल्या ल्यू आजी दोन्ही हात हलवत बाहेर आल्या. मी मीटिंग म्यूट करून तशीच सपाता घालून धावले.

त्यांचं नवं वर्ष होतं त्या दिवशी. वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांच्यात केर काढत नाहीत, झाडू हातात धरत नाहीत. घरात आलेलं भाग्य बाहेर लोटलं जातं म्हणे. ल्यू आजींनी ते मला अडखळत, अगदी हळू आवाजात सांगितलं, म्हणजे तुम्हाला वाईट वाटू नये. मी ते तुम्हाला मराठीत सांगितलं. तुमचा तो चेहरा मी विसरणार नाही, आई. तुम्ही दूधवाल्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांना सुनावलेलं मी ऐकलंय, पण तुम्हाला ओशाळलेलं मी तेव्हाच बघितलं. "माझ्या हातून दुसरीच्या दारातली लक्ष्मी झाडली गेली," तुम्ही म्हणालात, आणि आमच्या घरात निघून गेलात.

मला वाटलं, रडायला गेल्या. तुम्ही परत आलात ते कणीक मळायची परात घेऊन. कडेला लोटलेल्या ढिगातून परात भरलीत, कठडा धरून त्यांच्या वरच्या पायरीवर चढलात आणि हाताने स्नो परत पसरायला लागलात, पोह्यांवर खोबरं पसरतात तसा, सगळीकडे सारखा. मी म्हटलं, आई, स्नो आहे तो, लक्ष्मी नाही, आणि तुमचे हात गारठतील. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. एक परात संपली, दुसरी भरलीत. ल्यू आजी आधी बघत राहिल्या, मग त्यांना हसू फुटलं, आणि मग कठड्याला धरून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात. मी एकटीच सपाता भिजवून उभी होते, आणि वर माझी मीटिंग माझ्याशिवाय चालली होती. त्या दुपारी त्यांच्याकडून संत्र्यांची पिशवी आली आणि तुम्ही डब्यातला उरलेला तिळगूळ पाठवलात.

पुढच्याच आठवड्यात ते अक्षर आलं. तुम्ही पोळ्या करत होतात, ल्यू आजी ओट्यापाशी उभ्या राहून बघत होत्या, मी मधे दुभाषी. तुम्ही खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलंत, तुमच्यात याला काय म्हणतात? त्यांनी ओट्यावर सांडलेलं पीठ तळहाताने सारखं केलं आणि बोटाने काढलं: 雪. मग शाळेतल्या बाईंसारखं एकेक तुकडा करून दाखवला. वरचा भाग म्हणजे पाऊस: एक आडवी रेघ, तिच्याखाली दोन्ही बाजूंनी वळलेलं छप्पर, मधे उभी रेघ आणि चार थेंब. खालचा भाग उलट्या तोंडाच्या इंग्रजी ईसारखा. तो म्हणजे हात. पूर्वी त्या हातात केरसुणी असायची, आख्खी, काड्यांसकट. लिहिणाऱ्यांनी लिहिता लिहिता घाई केली, काड्या गळाल्या, हात तेवढा राहिला. जो पाऊस झाडता येतो तो बर्फ, असं त्यांनी त्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवलेलं. मग त्यांनी धुकं, दव, गोठलेलं दव आणि गडगडाटही लिहून दाखवला. सगळ्यांच्या डोक्यावर तोच पाऊस. तुम्ही म्हणालात, "म्हणजे पाऊस यांच्यातला थोरला. बाकी सगळे त्याच्या हाताखाली."

मला तर आयतंच सापडलं. बघा, मी म्हटलं, मी काय म्हणते रोज, स्नो म्हणजे काम. त्यांच्या अक्षरातसुद्धा झाडू आहे. मला खात्री होती की तुम्ही खूश व्हाल. विमानतळावर गेलेली केरसुणी चिनी बर्फात सापडली म्हणून हळदकुंकू आणाल. तुम्ही त्या पिठातल्या हाताकडे बघत राहिलात, मग तेच पीठ गोळा करून पुढची पोळी लाटलीत.

ते तेवढ्यावर संपलं नाही, कारण पुढच्या वेळी ल्यू आजींनी दुसरी गोष्ट आणली. तीन हजार वर्षांपूर्वी त्यांचे लोक बैलाच्या खांद्याच्या हाडावर, कासवाच्या कवचावर प्रश्न कोरायचे. पाऊस येईल का, पीक होईल का, असे. त्या हाडांवर बर्फाचं जे अक्षर सापडतं, त्यात वर पाऊस आहेच, पण खाली हात नाही. खाली दोन झुपके आहेत, आणि ते कशाचे यावर त्यांच्या पंडितांचं जमत नाही. काहीजण म्हणतात, केरसुण्याच आहेत, पुढे त्यांना धरायला हात आला. काहीजण म्हणतात, पिसं आहेत. पाऊस पिसांसारखा उतरला की तो बर्फ. त्यांनी ते झुपके पिठात काढले आणि तुम्ही पोळी तव्यावर तशीच सोडून म्हणालात, "पिसं."

मला ते मान्य नव्हतं. मी म्हटलं, पुढे हातात केरसुणी आली, तर आधीही केरसुणीच असणार, सरळ हिशेब आहे. पिसं कुणाच्या डोक्यातून आली? ज्यांच्या दारात पडत नाही त्यांच्या. इथे पायऱ्या साफ केल्या नाहीत आणि पोस्टमन घसरून पडला तर आपल्या अंगाशी येईल. तुमचं उत्तर तयार होतं, की पोस्टमनने बघून चालावं. ल्यू आजींना मी विचारलं, तुम्ही काय म्हणता? त्या म्हणाल्या, परीक्षेत लिहिलं तर केरसुणीला मार्क मिळतात, पण ज्याने हाडावर कोरलं तो माणूस मेला, आता विचारणार कुणाला? मी म्हटलं, बघा, मार्क केरसुणीला.

तेव्हा तुम्ही गॅस बंद केलात. आवाज चढवला नाहीत, पण माझ्याकडे वळून बोललात.

"अश्विनी, मी समजायला लागल्यापासून झाडतेय गं. माहेरचं अंगण झाडलं, सासरचं झाडलं, इथे येऊन तुमचं यंत्र फिरवते. माझी तक्रार नाही. पण आकाशातून एक तरी गोष्ट अशी पडू दे, जी मला झाडायची नाही."

ल्यू आजींनी मला विचारलं, काय म्हणाली? मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी ओट्यावरची ती पिसं पुसली नाहीत, आणि त्या दिवशी ओटा तुम्हीही पुसला नाहीत. संध्याकाळी मी पुसायला गेले आणि तेवढा कोपरा टाळून पुसला. तरी हरले असं मी म्हटलं नाही. तुम्ही म्हणालात, पुढच्या हिवाळ्यात ठरवू.

मग तो उन्हाळाभर आपला खेळ चालला. तुम्ही नाशिकहून गच्चीत सापडलेलं कबुतराचं पीस फोटो काढून पाठवायचात, खाली एक शब्द नाही. मी दुकानात मांडून ठेवलेल्या फावड्यांचा फोटो पाठवायचे. गणपतीत तुम्ही मोरपिसाचा पाठवलात, तर मी म्हटलं, हे फाउल आहे.

पण त्याआधी मार्चमधला तो दिवस. तुमची सहा महिन्यांची मुदत भरत आली होती. बॅगा गाडीत गेल्या होत्या आणि ल्यू आजी निरोप द्यायला आल्या, हातात नवा झाडू, ज्वारीच्या काड्यांचा, त्याला लाल दोरा बांधलेला. त्यांना मी विमानतळावरच्या केरसुणीची गोष्ट सांगितली होती. तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात, कपाळाला लावलात आणि माझ्याकडे दिलात. म्हणालात, परत तो तपासणीवाला नको, इथेच राहू दे, आडवा ठेव, उभा ठेवू नकोस. पायऱ्यांवर हिवाळाभराचं मीठ आणि खडी पडलेली होती. बॅगा ओढताना ती सगळीकडे पसरली होती. ल्यू आजींना राहवलं नाही, त्या स्वतःचा झाडू घेऊन आमच्या पायऱ्या झाडायला लागल्या. तुम्ही गाडीतून उतरून त्यांचा हात धरलात. मला म्हणालात, "तिला सांग, गावाला जाणाऱ्याच्या मागे लगेच झाडू नये. माणूस परत येत नाही." मी सांगितलं. ल्यू आजींनी झाडू पाठीमागे लपवला, शाळेतल्या पोरीसारखा, आणि गाडी वळेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

तुम्ही गेलात हे मंदारच्या मावशींनी कळवलं. तुम्ही त्यांना सकाळी चहा दिलात आणि खुर्चीत बसलात, एवढंच. मंदार पोचेपर्यंत तुम्हाला थांबवून ठेवलं होतं. मी त्याला फोनवर सगळं विचारून घेतलं, कुठली साडी, कोण कोण आलं, कुणी काय केलं. त्याला सांगताना त्रास होत होता, पण मला एकेक गोष्ट हवी होती, कारण मी तिथे नव्हते. तो म्हणाला, आईला बाहेर नेल्यावर मावशीने लगेच आतल्या खोलीपासून दारापर्यंत केर काढला. करतात ना तसं. मी म्हटलं, हो, करतात. फोन ठेवला. मग दिवसभर तो केर माझ्या डोक्यातून जाईना.

काल स्नो थांबला तेव्हा मी तो लाल दोऱ्याचा झाडू काढला. आडवाच ठेवला होता. फावड्याची गरजच नव्हती, स्नो पिठासारखा होता. माझ्या मनात एवढंच होतं की तिकडे मावशींनी केलं, तर इथेही कुणीतरी करायला हवं. हेही तुमचंच घर. मला येता आलं नाही, खांद्याला हात लावता आला नाही, निदान सुनेचं एवढं काम मी करीन. वरच्या पायरीपासून सुरुवात केली. तुम्ही कोपरे काढायचात तसे काढले. शेवटच्या पायरीखालचंसुद्धा लोटलं. रडू वगैरे आलं नाही. हात चालत होते.

कठड्यापलीकडे दार वाजलं. ल्यू आजींना तुमचं त्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी सईसाठी सूप आणून दिलं होतं आणि माझा हात धरून बसल्या होत्या. काल त्या बाहेर आल्या, त्यांचाही झाडू हातात होता. त्यांनी आमच्या पायऱ्यांकडे बघितलं. लख्ख पायऱ्या. मग माझ्याकडे बघून त्यांच्या त्या जपून पावलं टाकणाऱ्या इंग्रजीत म्हणाल्या, "ती लांब गेलीय. मग लगेच झाडलंस कशाला?"

मी सांगायला गेले, की आमच्यात माणूस गेलं की झाडतात, ते वेगळं आणि गावाला गेल्यावरचं वेगळं. दिवसभर मी इंग्रजीत काय काय समजावून देते लोकांना. हे मला समजावता येईना. 'शी इज नॉट कमिंग बॅक' एवढं वाक्य बोलायचं होतं फक्त, ते तोंडातून बाहेर पडेना. आणि त्या ऐकायला थांबल्याच नाहीत. झाडू भिंतीला टेकवून आत गेल्या.

परत आल्या त्या त्यांची ती मोठी खोल कढई घेऊन. त्यांच्या दारातला न झाडलेला स्नो हाताने कढईत भरला, कठडा धरून आमच्या वरच्या पायरीवर चढल्या, आणि पसरायला लागल्या. सगळीकडे सारखा. तुमच्याकडूनच शिकल्या होत्या, हात तसाच फिरत होता. मला त्यांनी थांबवलं नाही की बोलावलं नाही. दुसरी कढई भरायला त्या खाली उतरल्या तेव्हा मी आत गेले आणि परात घेऊन आले.

तेव्हा मात्र मला रडू आलं, आई. चांगलं मोकळं, गल्लीत उभं राहून. ल्यू आजी पायऱ्या भरत होत्या, मी भरत होते. हात बधिर झाले तेव्हा मी परात वर धरून नुसती तिरकी केली, आणि स्नो वाऱ्यावर हेलकावे खात खाली आला. दारात सई येऊन उभी होती, पायजम्यात. "व्हॉट आर यू गाइज डूइंग?" तिने विचारलं.

मी तिला म्हटलं, "आजीची पिसं आहेत. पाय देऊ नकोस."

ती बघत राहिली, मग आत जाऊन तिचे बूट घालून आली आणि गवतावरून वळसा घेऊन आमच्यापाशी उभी राहिली.

तर आई, मी हरले. पिसंच आहेत. हे मी मंदारला आज फोनवर सांगितलं, दहाव्याला तुमच्यापुढे बोल म्हणून, पण तो विसरेल, म्हणून स्वतःच लिहितेय. आज ऊन पडलंय. पायऱ्यांवरचं जेव्हा वितळेल तेव्हा वितळेल, मी झाडणार नाही. झाडू परत आडवा ठेवलाय. तुमची खुर्ची खिडकीपाशी आहे आणि तिथूनच लिहितेय. मघाशी पोस्टमन आला, पायऱ्या बघून थबकला, आणि गवतातून, बघून बघून पाऊल टाकत दारापर्यंत आला.

दर हिवाळ्याला या, आई. मला करमत नाही.